विहिरीच्या काठावरची खूण

विहिरीच्या कठड्यावर तैलरंगाने ओढलेली बोटभर रुंदीची लाल रेघ. तिच्यापासून पाण्यापर्यंत किती मीटर, एवढंच मोजायचं आणि तारीख टाकून वहीत लिहायचं. टोकाला वजन बांधलेली मोजपट्टी पुरते. पट्टीच्या शेवटच्या मीटरला खडू फासला की ओल कुठवर आली ते स्वच्छ दिसतं. मोजणी सकाळी, मोटर चालू व्हायच्या आधी. शेतीची वीज रात्रपाळीची असेल आणि मोटर पहाटेपर्यंत चालली असेल, तर त्या दिवशीचा आकडा घेऊच नये. उपसा थांबल्यावर विहीर पुन्हा पातळीला यायला काही तास जातात, कठीण खडकात जास्तच. आणि दर वेळी मोजायचं त्याच रेघेपासून. कठडा एका बाजूला उंच असतो, दुसरीकडे खचलेला. एकदा एकजण इकडून मोजतो, पुढच्या वेळी दुसरा तिकडून, आणि वहीत विहिरीचं पाणी फुकटात फूटभर चढलेलं दिसतं.

पुढच्या समाजाबद्दल बोलताना मला ही रेघ सर्वांत आधी आठवते. पर्यावरणाचं संकट म्हटलं की चर्चा लगेच नव्या वस्तूंकडे वळते: नवी बॅटरी, नवं बियाणं, समुद्राचं पाणी गोड करणारा प्रकल्प. ते सगळं लागेलही. पण एक काम त्याच्याही आधीचं आहे. आपल्याकडे नेमकं किती आहे हे सगळ्यांदेखत मोजायचं, आणि तेवढ्यात कसं भागवायचं हे एकत्र बसून ठरवायचं. आधुनिक समाजाने आणण्याची आणि उपसण्याची साधनं भरपूर केली. थांबायचं कुठे, हे ठरवणारी बैठक मात्र त्याने फारशी भरवली नाही. महाराष्ट्रातल्या काही गावांनी ती भरवली. तिथे तिला पाण्याचा ताळेबंद म्हणतात.

हा ताळेबंद समजायचा तर आधी पायाखालचा दगड समजायला हवा. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांवर उभा आहे. वर माती, खाली मुरूम, मग भेगा असलेला मांजऱ्या खडक, आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत. गंगेच्या मैदानात शेकडो फूट वाळू पाण्याने भरलेली असते. आपल्याकडे तसं नाही. इथल्या खडकात शंभर भाग जागा असेल तर उपसता येण्याजोगं पाणी साधारण दोन भाग असतं. म्हणजे एक हेक्टर जमिनीखाली पाण्याची पातळी एक मीटरने उतरली तर २०० घनमीटर, दोन लाख लिटर पाणी गेलं. आपलं भांडं उथळ आहे. पावसाळ्यात झरझर भरतं आणि फेब्रुवारीत तितक्याच झरझर रिकामं होतं.

पाचशे-सहाशे फुटांची बोअर मारून हे भांडं मोठं होत नाही. एवढ्या खोल भेगेत सापडलेलं पाणी फार सावकाश साठलेलं असतं आणि पुन्हा भरायलाही तितकाच वेळ घेतं. पहिल्या वर्षी फवारा उडतो, पेढे वाटले जातात, तिसऱ्या वर्षी नुसती हवा येते. शिवाय खोल बोअर वरच्या थरातलं पाणीही खाली ओढून नेते आणि शेजारच्या जुन्या विहिरी कोरड्या पडतात. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई केली आहे. बोअरच्या गाड्या किती खोल जातात ते गावात कुणालाही विचारावं.

आता हिशेब. एक नमुन्याचं गाव धरू: शिवार १,००० हेक्टर, पाऊस ५०० मिलिमीटर, माणसं १,५००, मोठी जनावरं ८००. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, १०,००० लिटर. हा एक आकडा पाठ झाला की बाकीचं सगळं गुणाकाराने येतं. गावावर पडलेलं पाणी ५० लाख घनमीटर. हजार घनमीटरला टीसीएम म्हणतात, म्हणजे ५,००० टीसीएम. ऐकून वाटतं, मग तुटवडा कसला? यातला मोठा वाटा मातीच्या ओलीत, पिकांत, गवतात जातो आणि वाफ होऊन उडतो. त्यावरच खरीप उभा राहतो. काही ओढ्याने वाहून जातं. जमिनीत खोल मुरून विहिरींना मिळतं ते आपल्या खडकात सात-आठ टक्के, भेगाळ खडक असेल तर बारा-तेरा. आठ टक्के धरले तर ४०० टीसीएम.

हा आकडा बरोबर आहे का, ते विहिरीवरची लाल रेघ सांगते. मे अखेरची पातळी आणि ऑक्टोबर अखेरची पातळी यांतला फरक काढायचा. शिवारभर पसरलेल्या पंधरा-वीस विहिरींची सरासरी २ मीटर चढ दाखवत असेल, तर १,००० हेक्टर गुणिले २०० घनमीटर गुणिले २, म्हणजे बरोबर ४०० टीसीएम. दोन्ही वाटांनी काढलेले आकडे जवळ आले तर हिशेब विश्वासाचा. लांब पडले तर काहीतरी चुकलंय. बहुतेक वेळा निवडलेल्या सगळ्या विहिरी ओढ्याकाठच्या निघतात. तिथलं पाणी नेहमीच वर असतं. माळावरच्या विहिरी मोजल्याशिवाय गावाचं खरं चित्र हाती येत नाही.

पावसाचा आकडाही गावाचा स्वतःचा असावा. महसूल मंडळाच्या ठिकाणचं पर्जन्यमापक दहा-बारा किलोमीटरवर असतं, आणि हल्ली पाऊस एका वेशीवर पडतो, दुसरीला कोरडं ठेवतो. मापक साधं असलं तरी चालतं, सरळ भिंतींचं भांडंसुद्धा. तोंड लहान असो की मोठं, वर-खाली रुंदी सारखी असली की पट्टीने मोजलेली उंची हाच पाऊस. जवळच्या झाडाच्या किंवा घराच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, मोकळ्यावर ठेवायचं आणि रोज सकाळी साडेआठला नोंद करायची. शाळेची मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात. नोंदीत फक्त बेरीज ठेवून भागत नाही, दिवसही हवेत. पाचशे मिलिमीटर चाळीस दिवसांत पडले तर मुरतात. तेच पाच-सहा ढगफुटीसारख्या दिवसांत कोसळले तर माती घेऊन निघून जातात. हवामान बदलतंय याचा गावपातळीवरचा अर्थ हा आहे. बेरीज तीच राहते आणि जमेची बाजू आटते. मग आठ टक्के हे गृहीतकही त्या वर्षापुरतं खाली आणावं लागतं.

खर्चाची बाजू. ४०० टीसीएममधले सगळे वापरायचे नसतात. वर्षाला मुरणाऱ्या पाण्याच्या सत्तर टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर ते क्षेत्र सुरक्षित मानतात. नव्वदच्या वर गेलं की धोक्याचं, शंभर ओलांडलं की अतिशोषित. उरलेले तीस टक्के ओढ्याच्या झिरप्याला, नदीला आणि पुढच्या वाईट वर्षाला. म्हणजे गावाच्या हातात २८० टीसीएम. माणशी दिवसाला ५५ लिटर धरले तर १,५०० माणसांना वर्षाला ३० टीसीएम. मोठ्या जनावराला ६० लिटर धरले तर साडेसतरा. शेळ्या-कोंबड्या धरून सगळे मिळून ५० टीसीएम धरू. शेतीला उरले २३०.

या २३० टीसीएमचं काय करायचं, यावर गाव भांडतं. हरभऱ्याला सुमारे २५० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी अडीच टीसीएम. तेवढ्यात ९२ हेक्टर भिजतात. कांद्याला ६०० मिलिमीटर धरले तर ३८ हेक्टर. उसाला २,००० धरले, जे फार जास्त नाहीत, तर साडेअकरा. आणखी एका बाजूने बघू. एक हेक्टर ऊस वर्षाला २० टीसीएम पितो, अख्ख्या गावाची घरं ३०. दीड हेक्टर उसात दीड हजार माणसांचं वर्षभराचं पिणं, स्वयंपाक, आंघोळी, धुणंभांडी सगळं मावतं. फळ्यावर हे गणित मांडल्यावर चावडीत जी शांतता पसरते, ती कुठल्याही भाषणाने पसरत नाही.

ऊस लावणाऱ्याला खलनायक ठरवून मात्र चालणार नाही. उसाला ठरलेला भाव आहे, कारखाना तोडून नेतो, अवकाळीने तो कोलमडत नाही. हरभरा आणि तूर यांच्यामागे इतक्या खात्रीने कुणी उभं नाही. शेतकरी पाण्याचा जुगार खेळतो, कारण बाजाराचा जुगार त्याहून वाईट आहे. ताळेबंदात पाण्याच्या शेजारी भावाचा रकाना ठेवला नाही, तर तो कागदावरच राहतो.

हक्काचा प्रश्न इथूनच उठतो. १८८२च्या इंग्रजी अमदानीतल्या सुविधाधिकार कायद्यापासून आपली समजूत पक्की झाली, की ज्याची जमीन त्याचं तिच्याखालचं पाणी. पाण्याला बांध ठाऊक नाहीत. माझ्या विहिरीत आलेलं पाणी तुझ्या माळावर पडलेलं असतं. ही समजूत मुळापासून बदलायचा प्रयत्न पुरंदर तालुक्यात झाला. १९७२च्या दुष्काळात पुण्यातले उद्योजक विलासराव साळुंखे यांनी दुष्काळी कामांवर दगड फोडणारी माणसं पाहिली आणि नायगावला देवस्थानची सोळा हेक्टरांच्या आसपास उघडी-बोडकी जमीन कसायला घेतली. तिथल्या प्रयोगातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आज वाचले तरी दचकायला होतं. पाणी जमिनीवर नाही, माणशी. प्रत्येकी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं, जमीन कितीही असो. भूमिहीनालाही पाण्याचा हिस्सा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही, पंचायतीकडे परततो. ऊस नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी स्वतः उचलायचा. आणि पाणी सोडायला पाटकरी.

भूमिहीनाला पाणी देऊन तो करणार काय, हा प्रश्न तेव्हाही आला. तो वाट्याने जमीन कसू शकतो. जमीनवाल्याकडे जमीन आहे आणि पाणी अडीच एकरांपुरतंच आहे, भूमिहीनाकडे पाणी आहे आणि जमीन नाही. दोघांना एकमेकांची गरज पडते. बरोबरीने सौदा करायला त्याच्या हातात पहिल्यांदा काहीतरी येतं. आपल्या नमुन्याच्या गावात २३० टीसीएम माणशी वाटले तर प्रत्येकी सुमारे १५३ घनमीटर होतात. त्यात हरभऱ्याचे सहा गुंठे पिकतात, उसाचा जेमतेम पाऊण गुंठा. एवढ्या तोकड्या वाट्यावर पाणी जमिनीच्या मापाने वाटायचं, तर ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या घागरीवर आधी घाला पडतो. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभं कोण असतं, ते आठवून पाहावं.

सामुदायिक वाटपाची कल्पना नवी नाही. खानदेशात पांझरेच्या खोऱ्यात तीन-चारशे वर्षं फड पद्धत चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, मग जमीन कुणाच्याही नावावर असो. पीक एक असलं की पाण्याची पाळी एक, चोरी पकडायला सोपी. पाणी देणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, वर देखरेखीला हवालदार. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा, आणि तोटा त्या फडातल्या सगळ्यांनी सारखा सोसायचा. एकेकाची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असायची, म्हणून एकाच घरावर कुऱ्हाड कोसळत नसे. नद्यांवर वर धरणं झाली, विहिरींवर मोटरी बसल्या, आणि बऱ्याच ठिकाणी हे मोडलं. बटण दाबून आपलं पाणी आपण घेता येऊ लागलं तेव्हा शेजाऱ्याची वाट बघायची गरज संपली. सोय मोठी होती, यात शंका नाही. पण फडावरची बैठकही तिच्याबरोबर गेली.

ती बैठक परत आणणाऱ्यांत नगर तालुक्यातलं हिवरे बाजार ठळक आहे. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, श्रमदान, डोंगरावर समतल चर, ओढ्यावर बांध, ही कामं सगळ्यांना माहीत आहेत. पाहुणे त्यांचेच फोटो काढून नेतात. माझ्या मते त्यापेक्षा मोठं काम फोटोत येत नाही. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही, हे तिथे ठरलं आणि पाळलं गेलं. दर वर्षी पावसाळा संपला की पाण्याचा हिशेब ग्रामसभेत मांडून पिकं ठरू लागली. पाऊस कमी झाला तर रब्बीचं क्षेत्र कमी. अडवा-जिरवा शेकडो गावांत झालं. पाणी वाढलं, त्याबरोबर मोटरी वाढल्या, चार वर्षांत विहिरी पुन्हा तळाला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. इथे आड भरला होता, पोहरे जास्त झाले.

अडवण्याच्या कामातही चुका ठरलेल्या. साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चराच्या प्रत्येक मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावतं, पण तळ समपातळीत असेल तरच. ‘ए’ आकाराची लाकडी चौकट किंवा पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून रेघ आखली नाही, तर सगळं पाणी सखल टोकाला धावतं, चर फुटतो आणि त्याचीच घळ होते. निघालेली माती उताराच्या बाजूला, काठापासून वीतभर-दीड वीत जागा सोडून टाकायची. काठालगत टाकली तर पहिल्या पावसात चरात परत येते. ओढे यंत्राने फार खोल उकरले तर शेजारच्या विहिरींचं पाणीच ओढ्यात उतरतं, आणि ओढा भरलेला पाहून गाव खूश होतं. वरच्या चरात जिरलेलं आणि खालच्या बंधाऱ्यात साठलेलं पाणी दोनदा जमा धरणं ही तर कागदावरची सर्वांत लाडकी चूक.

शेततळ्याचं जरा सविस्तर सांगायला हवं. ३० मीटर लांब, ३० रुंद, ३ खोल तळ्यात बाजूंचा उतार धरून वीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलं तर उत्तम. पण तळाला प्लास्टिक अंथरून ते विहिरीच्या, बोअरच्या पाण्याने भरायची रीत पडली. जमिनीखाली सावलीत असलेलं, सगळ्यांच्या वाट्याचं पाणी वर उन्हात आणून एकाच्या नावावर करायचं, असा हा व्यवहार. ९०० चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून उन्हाळ्यात दिवसाला सात मिलिमीटर उडालं तरी रोज ६,३०० लिटर, शंभर दिवसांत सव्वासहा लाख. जवळपास तिसरा हिस्सा आकाशाला.

ठिबकचंही तसंच. ठिबकने एकरी पाणी वाचतं, हे खरं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर लावला, तर उपसा तेवढाच राहतो. वर पाटाने देताना जे थोडं मुरून विहिरीकडे परत जात होतं तेही थांबतं. म्हणून हिशेब एकराच्या बचतीचा ठेवून चालत नाही. एकूण उपशाचा ठेवायचा. तो मोजणंही अवघड नाही. दोनशे लिटरचा पिंप मोटरखाली धरायचा, मोबाइलवर वेळ लावायची. चाळीस सेकंदांत भरला तर सेकंदाला ५ लिटर, आठ तासांच्या विजेत १,४४,००० लिटर. एक हेक्टरला ५० मिलिमीटरची एक पाळी द्यायला ५ लाख लिटर, म्हणजे साडेतीन दिवस. मोटर किती दिवस चालली ते शेजाऱ्याला पाठ असतं. माहिती गावात आहे. ती उघड सांगण्याइतका एकमेकांवरचा भरवसा कमी असतो. पहिल्या वर्षी बोअरची संख्या निम्मीच सांगितली जाते, कारण नोंद झाली की पाणीपट्टी बसेल ही भीती. त्या वर्षी दंड-शिक्षेची भाषा करू नये. विहिरींचे आकडे फळ्यावर लिहीत राहावं. खोटी बेरीज मार्चमध्ये विहीर स्वतःच उघडी पाडते.

शहरात राहून हे वाचणाऱ्यांनी एक गणित घरी करावं. शंभर घरांची सोसायटी, चारशे माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज ५४,००० लिटर. दहा हजारी टँकर धरले तर पाच-साडेपाच. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर पुण्यातला वर्षाचा ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि ऐंशी टक्के हाती लागला, तर साडेपाच लाख लिटर. दहा दिवसांची सोय. गच्चीचं पाणी जरूर जिरवावं, पण उरलेले ३५५ दिवस आपण कुणाच्या तरी शिवारातलं पितो. देखभाल खर्चाचा पैन् पैचा हिशेब वार्षिक सभेत मंजूर होतो. बोअरची पातळी किती उतरली, हा विषय त्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर नसतो.

एक अडचण अजून कुठल्याच गावाला पुरती सुटलेली नाही. ताळेबंद ग्रामपंचायतीच्या हद्दीत मांडला जातो आणि खडकातली भेग हद्दीपलीकडे जाते. एका गावाने ऊस सोडला, बोअर बंद केल्या, आणि वेशीपलीकडच्या माळावर सहाशे फुटांच्या चार बोअर झाल्या, तर संयम ठेवणाऱ्यांच्या विहिरी उतरतात आणि पुढच्या ग्रामसभेत पहिला प्रश्न तोच येतो: आम्हीच का? एका ओढ्याकाठच्या पाच-सात गावांनी पाणलोटाचा एकच हिशेब मांडायला हवा, पण पाच सरपंच, पाच निवडणुका आणि पाच जुनी भांडणं एका सतरंजीवर आणायची आहेत. त्यासाठी आधी करार करायला बसू नये, तो होत नाही. आधी वेशीवरच्या दोन विहिरी निवडाव्यात, एक अलीकडची, एक पलीकडची. दोन्हींच्या कठड्यांवर एकाच रंगाची रेघ ओढावी. महिन्याच्या एक तारखेला सकाळी इकडच्या माणसाने तिकडची विहीर मोजावी, तिकडच्याने इकडची, आणि दोन्ही आकडे दोन्ही गावांच्या फळ्यांवर लिहावेत.